खिडकीतला एक्स-रे

शिंप्याच्या खोकल्याची उबळ ओसरेपर्यंत डॉक्टर नवा एक्स-रे हातात धरून खाटेशी उभे राहिले. मग उजेडासाठी खिडकीकडे वळले.

खिडकीतल्या एका तावदानाची काच फुटलेली होती. तिथे शिंप्याच्या बायकोने मागच्या आजारपणातला एक्स-रे चिकटपट्टीने लावला होता. नवऱ्याला वारा बाधतो, हे तिचे ठाम मत.

"जंतू काही खिडकीतून विचारून येत नाहीत, वहिनी," असे डॉक्टर तिला दर खेपेला सांगत.

वर्षभरातली ही चौथी खेप. आधीच्या तिन्ही वेळा औषधाने ताप उतरला होता. ताप उतरला म्हणजे संसर्गाचे निदान बरोबर, असे डॉक्टर धरून चालले होते. अनुमान सोयीचे होते. ते पडताळून मात्र पाहिलेले नव्हते.

त्यांनी नवा एक्स-रे शेजारच्या धड काचेवर टेकवला. एका फुफ्फुसात, वरच्या भागात, पांढरा डाग. जुन्या एक्स-रेतही तसाच डाग होता, पण दुसऱ्या फुफ्फुसात.

डॉक्टरांनी श्वास सोडला. संसर्ग जागा बदलू शकतो. गाठ जागा सोडत नाही.

"माप घेताय काय, डॉक्टर?" खाटेवरून शिंपी म्हणाला. "दोन बोटं कमी धरा. सगळे सदरे मीच आत घेतलेत."

"अंग उतरलं, जीभ काही उतरली नाही," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टर हसले. हसता हसताच त्यांची नजर जुन्या एक्स-रेतल्या हृदयावर गेली. ते भलत्याच बाजूला होते.

माणसाचे हृदय बाजू बदलत नाही. एक्स-रेच उलट्या बाजूने चिकटवलेला होता.

त्यांनी तो मनातल्या मनात सुलट केला. जुना डाग नेमका नव्या डागाच्या जागी जाऊन बसला. फक्त आकाराने तो लहान होता.

काचेवर टेकवलेला हात त्यांना खाली घेता आला नाही.

"काय हो, उलटा लागलाय का तो?" वहिनी जवळ आल्या. चिकटपट्टीचा सुटू पाहणारा कोपरा त्यांनी अंगठ्याने घट्ट दाबला. "असू दे. वारा तर अडतो ना?"

"अडतो, वहिनी," डॉक्टर म्हणाले.