टोमॅटोशेजारचा माणूस

चौगुले नवरा-बायकोची बदली अखेर एकाच वाफ्यात झाली. ती झालीच नाही असं धरून पुढे वाचावं, कारण कार्यालयानंही तसंच धरलं आहे.

तर दिगंबर चौगुले, गेली नऊ वर्षं बसतात तसे, आजही चार नंबरच्या वाफ्यात टोमॅटोशेजारी स्टुलावर बसले होते. माणूस शेजारी असला की भाजी जोमानं धरते, हा शोध लागल्यापासून पूर्वी भाजीशेजारी लावलेला झेंडू फुकटात करायचा ते काम सरकारी माणसं करतात. नोकरी चोवीस तासांची, मुक्कामही वाफ्यातच. त्यांच्या पत्नी हेमांगीबाई अकरा नंबरला दोडक्यापाशी होत्या. मध्ये अर्धा किलोमीटर नुसती मिरची.

"परवा तुम्हाला एकत्र बसवलं, तर दुपारपर्यंत सगळी फुलं गळली," कृषी सहायक फरांदे मॅडम झाडाचा जोम मोजणारं मीटर बघत म्हणाल्या. "टोमॅटोला एकटा माणूसच मानवतो, काका."

"अहो, आम्ही फक्त डबा उघडला होता."

"वाफ्याच्या रेकॉर्डिंगमध्ये हसण्याचा आवाज आहे."

अकरा नंबरच्या दिशेनं बघत दिगंबरांनी मोठा सुस्कारा सोडला. टोमॅटो लगेच टवटवीत झाला.

"बघा!" मॅडम खूश होऊन म्हणाल्या आणि निघून गेल्या.

निवृत्तीला अजून सहा वर्षं होती. कंबर चोळून झाल्यावर दिगंबरांनी गुडघ्यावर कागद ठेवला आणि सतरावा अर्ज लिहिला:

'तरी आम्हा पती-पत्नीस एकाच वाफ्यात नेमावे, ही नम्र विनंती. ते नियमात बसत नसल्यास टोमॅटोची बदली करावी.'