आधारापुरता ऑर्गन

"फादर, आजच्या दिवस तरी," लेक म्हणाली. विनवण्याची ही तिची चौथी वेळ.

चर्चच्या मागच्या खोलीत तिघंच होती. फादर झग्याची दोरी बांधता बांधता थांबलेले, मास्तरांची लेक, त्यांच्याकडूनच ऑर्गन शिकलेली, दाराला टेकून उभी, आणि मास्तरांची बायको खुर्चीत, मांडीवर पर्स घेऊन. अडतीस वर्षं या चर्चचा ऑर्गन वाजवणारे मास्तर भिंतीपलीकडे, वेदीसमोर, शवपेटीत होते.

मागणं साधंच होतं. चर्चच्या माणसांपैकी कोणी गेलं, की मिस्सा, म्हणजे वेदीवरचा प्रार्थनाविधी, संपल्यावर शवपेटी दाराकडे निघायची आणि ऑर्गनच्या माडीवर मास्तर त्यांनी स्वतः बांधलेली एक चाल वाजवायचे. शब्द नसलेली, दोन-अडीच मिनिटांची. तिच्या सोबतीनेच माणूस बाहेर पडायचा. फक्त ईस्टरआधीच्या उपवासकाळात नाही. त्या चाळीस दिवसांत ऑर्गन गाणाऱ्याला आधार देण्यापुरताच, नुसता वाजवायचा नाही, असा नियम. आणि मास्तरांइतका कडवा नियमवाला दुसरा नव्हता. लग्नात गिटार घेऊन आलेल्या नवरदेवाच्या मित्रांना त्यांनी जिन्यावरूनच परत पाठवलं होतं. "मरायचं तर उपवासकाळ टाळून मरा रे," असं ते गायनवृंदाला हसत सांगायचे. आणि स्वतः गेले ते नेमके उपवासकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात.

"हा नियम मला त्यांनीच शिकवला," तरुण फादर म्हणाले. "नवीन होतो, चुकलो, तर चक्क कान धरला माझा." मग खाली बघत म्हणाले, "वाजव तू. मी डोळेझाक करतो. कोण विचारतंय?"

लेकीचा जीव भांड्यात पडला.

"बेकरीवाला विचारेल," आई म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"त्याची बायको अशीच उपवासकाळात गेली. हात जोडले होते त्याने ह्यांच्यापुढे. हे नाही म्हणाले. घरी येऊन जेवले नाहीत, दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत, पण नाही म्हणजे नाही. तोच बेकरीवाला आज ह्यांना खांदा द्यायला आलाय. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, असं व्हायला नको."

"मग बाबांना मुक्यानेच न्यायचं?" लेकीचे डोळे भरून आले.

आईने पर्सची कडी उघडली, परत लावली. "फादर, कोणी गात असेल तर आधाराला वाजवता येतं ना?"

"येतं की. पण ती चाल गायला येते कोणाला?"

"मला."

आईला गायनवृंदातून काढलं होतं ते खुद्द मास्तरांनी, लग्नाच्या पहिल्याच वर्षी. दर ओळीला हिची पट्टी बदलते, हिच्यामागे ऑर्गन काय, देवदूतही धावायचा नाही, असं म्हणाले होते. तेव्हापासून ती चर्चमध्ये नुसते ओठ हलवायची.

"जेवणाच्या टेबलावर बोटं आपटत रोज ह्यांचं तेच तर चालायचं," ती म्हणाली. "झोपेतून उठवलंत तरी म्हणेन."

"आणि शब्द?" फादरांनी विचारलं.

"आलेलुया बसतं त्यात," लेक घाईघाईने म्हणाली.

"उपवासकाळात आलेलुयाचा जयघोष नाही." फादरांच्या तोंडून नियम आपसूक निघाला आणि त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं.

"आमेनला तर बंदी नाही ना?" आई उठली. "तेवढा एक शब्द पुरे मला." दाराशी जाऊन ती थांबली. "बेकरीवाल्याच्या त्या बिचारीच्या वेळीही हे सुचलं होतं हो मला. लोक हसतील म्हणून गप्प बसले."

मिस्सा संपली. सहा जणांनी शवपेटी उचलली. डाव्या बाजूला पुढे बेकरीवाला होता. आई पेटीशेजारून चालू लागली आणि तिने तोंड उघडलं.

पहिलंच आमेन इतकं खाली लागलं, की पुढच्या बाकावर कोणीतरी खोकल्याआड हसू लपवलं. माडीवर लेकीने बाबांच्या पट्टीत सुरुवात केली होती. तिने हात उचलले. घाबरून नव्हे, ऐकायला. आधार द्यायचा तर गाणारी जिथे आहे तिथे जायला हवं. तिने खालची पट्टी धरली. दुसऱ्या ओळीला आई वर सरकली, लेकही सरकली. तिसऱ्या ओळीला आई मधेच कुठेतरी गेली, जिथे पट्टीच नव्हती. लेकीने एकच सूर दाबून धरला आणि ती परत येईपर्यंत वाट पाहिली. आई कमालीची बेसूर गात होती, आणि लेकीला आपल्या आईचा एवढा अभिमान आजवर कधी वाटला नव्हता.

शेवटच्या ओळीला आणखी एक घोगरा आवाज मिसळला. लेकीने वाजवता वाजवताच मान उंचावून कठड्यापलीकडे पाहिलं. बेकरीवाला समोर बघत आमेन म्हणत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

माडी दाराच्या बरोबर वर होती. चाल संपली तेव्हा शवपेटी माडीखाली येऊन पोचली होती. आईने झाकणावर हात ठेवला.

"अहो, कुठे चुकलं असेल तर सांगा."

ती थांबली. खांदा देणारेही थांबले. फादर थांबले.

"नाही ना?" आई म्हणाली. "चला मग."