पेशीतला हमाल

शेवटच्या नेहमीसारख्या दुपारी बाबा खिडकीशी बसून खाली उभ्या असलेल्या गाडीला नावं ठेवत होते.

“डाव्या दाराला नंतर हात मारलाय. रंग जुळलेला नाही. कोणा गाढवाचं काम आहे देव जाणे.”

“तूच असशील,” आत्या म्हणाली.

“मी असतो तर तुला दिसलं असतं का?”

आत्या त्यांच्याहून मोठी. ती पलंगावर बसून उद्याची पिशवी भरत होती. उद्या केमो होती. मुलीने बाबांचं पाऊल मांडीवर घेतलं होतं आणि ती टाचेला मलम चोळत होती. गेल्या केमोनंतर तळपायांची सालं निघायला लागली होती.

“तुझा हमाल काय म्हणतो?” बाबांनी तिला विचारलं.

हमाल म्हणजे ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज. प्रयोगशाळेत ती या एन्झाइमवरच काम करायची. ते नाव घरात कोणाच्या जिभेवर बसेना, तेव्हा एकदा जेवताना तिनेच समजावलं होतं. पेशीत विष शिरलं की हा त्याला एक कडी बसवतो. कडी बसली की विष धरून बाहेर टाकता येतं. म्हणजे हमालच की, बाबा म्हणाले होते. त्यांचा सगळा जन्म गॅरेजात गाड्यांवर रंगाचे फवारे मारण्यात गेला, तोंडाला फक्त रुमाल बांधून. एवढं थिनर हुंगून आपण तगलो ते या हमालाच्या जिवावर, असं ते येईल-जाईल त्याला सांगत. गाठ निघाल्यावरही सांगत राहिले.

“कामावर आहे,” ती म्हणाली.

“असणारच. म्हणून तर मी केमोला भीत नाही. औषध गाठीला मारणार, आणि उरलेलं विष हा काढून टाकणार. एक सोडून दहा घेईन.”

“घे की,” आत्या म्हणाली. “मागच्या वेळी बादली धरायला मी होते. तुझा हमाल कुठे दिसला नाही तो.”

बाबा हसले. हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबल्यावर त्यांनी डोकं मागे टेकवलं आणि बराच वेळ डोळे उघडले नाहीत. आत्या गरम पाण्याची पिशवी भरायला स्वयंपाकघरात गेली.

सकाळी डॉक्टरांनी मुलीला बाजूला घेतलं होतं. गाठीचा तुकडा पुन्हा तपासला होता. तुमचंच एन्झाइम आहे त्यात, चिक्कार, ते म्हणाले. औषध आत टिकतच नाही. मी उद्याची केमो दिली नसती, पण त्यांचाच आग्रह आहे. तुम्ही बोलून बघता का? बघते, ती म्हणाली होती. त्यानंतर ती दुपारपर्यंत जेवणाबद्दल बोलली, विजेच्या बिलाबद्दल बोलली.

“ताई गेली का?” बाबांनी डोळे न उघडता विचारलं.

“गेली.”

“तिला सांगू नकोस. मी फार दमलोय गं.”

तिचा हात थांबला.

“मग कशाला जाताय उद्या?”

“तू एवढी वर्षं घातलीस त्या कामात. घरच्याच माणसाला उपयोग झाला नाही, असं कोणी म्हणायला नको.”

खालची गाडी सुरू झाली आणि निघून गेली. बाबांनी पाहिलं नाही. स्वयंपाकघरात नळ वाहत होता, आत्या काहीतरी पुटपुटत होती. मुलीने बोटांना लागलेलं मलम स्वतःच्याच मनगटावर पुसलं.

“मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं,” ती म्हणाली. “तो गाठीतही असतो. तिथे तर जास्तच. औषध आत गेलं की त्यालाही कडी लावतो.”

“आपलंच औषध?”

“त्याला आपलं-परकं कळत नाही, बाबा. समोर येईल ते उचलतो.”

बाबांनी डोळे उघडले. रागावलेले दिसले नाहीत. रंग दोनदा मारूनही डाग वर आला की ते असेच त्याच्याकडे बघत बसायचे.

“म्हणजे तो उद्याही उचलून टाकणार.”

“हो.”

“आणि परवा?”

तिने त्यांचं पाऊल दोन्ही हातांत धरलं. आत्या दारात येऊन उभी राहिली होती. पिशवी तिने छातीशी धरली होती. तिच्यासमोर नको, असं मुलीला क्षणभर वाटलं. पण तिने आवाज खाली आणला नाही.

“तुम्ही यातून बरे होणार नाही, बाबा. उद्या माझ्यासाठी जाऊ नका.”