भगतबाई

साहेब, तुम्ही बायांच्या पोटात हात घालता, पण त्यांच्या तोंडाकडे पाहत नाही.

दारव्ह्याजवळच्या खेड्यातल्या दोन जावा, नलू आणि दीपमाला, यांचं सहा वर्षांपूर्वी एकाच दिवशी तुमच्या दवाखान्यात सिझर झालं. नलूचं तिसरं लेकरू, म्हणून सोबतच लेकरं बंद करायचं ऑपरेशनही ठरलेलं. दीपमालाची पहिलीच खेप. पोरगी मेलेलीच जन्मली. पुन्हा तिला दिवस गेलेच नाहीत. परवा यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढून सांगितलं, दोन्हीकडच्या गर्भनळ्या बंद आहेत.

आज नलू अंगणात उलट्या करत बसली. आरोग्य केंद्राच्या आशाताईनं तपासलं अन् कपाळावर हात मारला. "ऑपरेशन होऊन बी दिवस गेले वो हिले!"

सासू दीपमालाकडे वळली. "पाह्य, हिची कूस बांधून बी फळते, अन् तुही कूस मोकळी असून बी वांझ!"

दीपमालानं हातातला तांब्या खाली ठेवला. सिझरच्या त्या दिवशी वॉर्डात बायांना नावानं कोणी हाक मारत नव्हतं. दोघींचं आडनाव भगत, म्हणून दोघीही नुसत्या 'भगतबाई'. दीपमाला शुद्धीवर आली तेव्हा सिस्टर तिच्या खाटेपाशी हसून म्हणाली होती, "सुटलीस बाई, आता लेकरांची कटकट नाही." तिकडे पोरीला मातीही दिली नव्हती. इतकी वर्षं त्या हसण्यानं दीपमाला झोपेतून दचकून उठायची.

तिनं पायात चप्पल सरकवली.

"कुठी चालली गं?" नलूनं विचारलं.

"दवाखान्यात, इचाराले. जाऊबाई, त्या दिवशी तुमचं ऑपरेशन त्यायनं कोणाच्या पोटात केलं?"