नऊ नंबरचं चित्र

तिचा दादा आइस हॉकी संघाचा प्रशिक्षक. त्याच्या शब्दाखातर तिने बर्फाच्या रिंकवरच्या नव्या स्कोअरबोर्डचं सॉफ्टवेअर महिनाभर खपून बसवलं. रंग, घड्याळ, भोंगा, सगळं तिच्या हातचं. नऊ नंबरने गोल केला की पडद्यावर झेपावणारी आकृती तिने स्वतःच्याच फोटोवरून काढलेली. संघात नऊ नंबरची जर्सी चार वर्षं तिचीच. सामन्याच्या सकाळी दादा खेळाडूंची यादी देऊन स्केट्सच्या नाड्या बांधत बसला. नावं भरताना तिचं बोट नऊवर थबकलं. “दादा, इथं वहिनीच्या बहिणीचं नाव आहे. मग मी?” दादाने मान वर केली नाही. “यंदा तू नाहीस. म्हटलं, आधी बोर्ड होऊ दे, मग सांगावं.” तिने नाव भरलं, चाचणीचं बटण दाबलं. भोंगा वाजला, तिची आकृती झेपावली, खाली दुसरीचं नाव झळकलं. तेव्हा कुठे दादाने वर पाहिलं. “झकास. चित्र तेवढं बदलू नकोस.”