ब्रेकचा दिवस

सकाळचे नऊ वाजले तरी गावात एका नळाला थेंब नव्हता, आणि गावाला पाणी सोडणारी केसर आपल्या ओटीवर बसून निवांत चवळीच्या शेंगा निवडत होती. अंगावर लग्नाकार्याची साडी, केसांत अबोलीचा गजरा.

"अगो, जा की आता," सासू कृष्णाबाई तिसऱ्यांदा म्हणाली. "सरपंचीण खवळंल."

"खवळू दे. आज माझा ब्रेक हाय."

ब्रेक म्हणजे काय, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. केसर ग्रामपंचायतीत हंगामी. दर अकरा महिन्यांनी तिला एक दिवस कागदोपत्री घरी बसवायचं आणि दुसऱ्या दिवशी नव्याने कामावर घ्यायचं. म्हणजे नोकरी सलग दिसत नाही, आणि कायम करा म्हणायला तोंड उरत नाही. हुशारी बघा! आणि केसरचा खुळेपणाही बघा. सहा वर्षं ती ब्रेकच्या दिवशीसुद्धा पहाटे उठून पाणी सोडून यायची, तेही फुकट. गावाची अडचण कशाला करायची, म्हणून. यंदा मात्र तिने आदल्या संध्याकाळी पाण्याच्या वॉलची चावी ऑफिसात जमा केली, पोच घेतली आणि घरी आली.

आता चावी ऑफिसात होती, पण गावात वॉल अकरा. चक्रीवादळात खुणेची झाडं आडवी झाली, तेव्हापासून कुठला वॉल कुठल्या आळीचा आणि तो किती आटे फिरवायचा, हे एकट्या केसरला माहीत. पंचायतीच्या शिपायाने, सदाने, अंदाजपंचे तीन वॉल उघडले. पाणी गेलं ते थेट स्मशानातल्या नळाला. तिथे नुसतं धो धो.

"मेलेल्यांची आंघोळ झाली, जित्यांची राहिली," कृष्णाबाई म्हणाली, आणि मग तिलाच हसू आवरेना.

साडेनऊला सरपंच सुचिताताई आल्या. डोक्याला शाम्पू तसाच, वर टॉवेल गुंडाळलेला. त्यांच्या होमस्टेला मुंबईचे बारा पाहुणे उतरले होते. प्यायला गावात विहिरी होत्या हो, पण पाहुण्यांना शॉवर लागतो! त्यांच्या मागे कोंडाजी मेंबर, अर्ध्या गालाला दाढीचा साबण. मग एकेक करून बाकीचे मेंबरही आले, आणि सगळ्यांच्या शेवटी काखेत फाइल घेऊन ग्रामसेवक भाऊसाहेब.

"केसर, ऊठ बाई. चल लवकर."

"ताई, आज मी पंचायतीची कोण? भाऊसाहेबांनीच लिवलंय तसं."

भाऊसाहेब चपलेकडे बघू लागले. केसर वरून हसत होती, पण मनात धास्ती होतीच. उद्या कामावर घेतलंच नाही तर? हंगामी माणसाला नको म्हणायला कारणसुद्धा लागत नाही.

"अगं, तुला कायम करायचंच हाय," सुचिताताई म्हणाल्या. "वरची मंजुरी येऊन दोन वर्षं झाली. सभेचा ठराव तेवढा राहिलाय. पण तुझा विषय पडतो शेवटी, आणि शेवटापर्यंत हे मेंबर बसतात कुठं? चहा पिऊन झाला की चालले."

"आणि आज किती हायत?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सातच्या सात मेंबर अंगणात उभे होते. निवडून आल्यापासून ते असे एका जागी कधी जमले नव्हते.

"आजच सभा हाय ना, भाऊसाहेब? दहाची?" केसरने विचारलं.

"हाय," भाऊसाहेब म्हणाले. मग घसा खाकरून, कधी नव्हे ते जोरात बोलले, "आणि अध्यक्षांनी मनात आणलं तर शेवटचा विषय पहिला घेता येतो."

"मग घ्या," केसर म्हणाली. "तवर माझ्या शेंगा होतात."

कोंडाजींचा साबण गालावर वाळायला लागला होता. "घ्या हो ताई, घ्या!" ते ओरडले, आणि सगळी वरात पंचायतीकडे निघाली. या गावात इतका झटपट ठराव कोणी पाहिला नव्हता. सूचक सगळे, अनुमोदक सगळे. सव्वादहाला भाऊसाहेब स्वतः धावत नेमणुकीचं पत्र घेऊन आले, सही-शिक्क्यासकट; मागोमाग सगळी वरात आणि सदाही. केसरने ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला गेली तर अक्षरंच दिसेनात. कृष्णाबाईने आतून साखरेचा डबाच आणला आणि दिसेल त्याच्या हातावर चिमूट ठेवत सुटली.

"आता तरी सोड गं पाणी," सुचिताताई टॉवेल सावरत म्हणाल्या.

"सोडते की. सदा, चावी घे आणि माझ्याबरोबर चल."

पहिल्या वॉलपाशी केसरने लग्नाकार्याच्या साडीचा पदर खोचला आणि सदाला खाली बसवलं. "हा खालच्या आळीचा. साडेतीन आटे. त्याच्यावर एक जरी फिरवलास, तर वरची आळी कोरडी. फिरव."

सदाने फिरवला. जमिनीखालून गुरगुर आली आणि पाणी पळालं. खालच्या आळीतून बायकांचा आरडाओरडा उठला, "आलं, आलं!" दुसऱ्या वॉलपाशीही केसरने त्यालाच बसवलं. तिसऱ्यापाशी सदा थांबला. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "वयनी, खुळी का काय तू? हे सगळं मला आलं तर उद्या तुला कोण विचारंल?"

"नको विचारू दे!" केसर खळखळून हसली. "सोमवारी मी रजेवर हाय. भरपगारी!"