मधली जागा

"तू मधी उभी रव," आनंदीवैनीने दिपालीच्या हातात निरांजन दिलं. "काय्येक करू नको. गाणा गावचा नाय, फिराचा नाय. नुसती उभी रव."

फुगडीच्या स्पर्धेचा नुसता सरावच होता, त्यामुळे निरांजनात वात नव्हती. दिपालीने ते दोन्ही हातांत धरलं.

"आणि फुगडी? मी श्रद्धाबरोबर घालतंय मगो."

"श्रद्धाक औंदा प्राजक्ता दिली."

"माका नाका ही," श्रद्धा पदर खोचत ओरडली. "दोन गिरक्येत उडान जातली खांबार. दिपालीचा तसा नाय. ती धरल्यार सोडना नाय."

मुळगावच्या देवळाचा सभामंडप हसला. प्राजक्ताही हसली, लग्न होऊन तिला तीनच महिने झाले होते. कोपऱ्यात चपलांची आगगाडी करत बसलेली दिपालीची सेजलही हसली, चार वर्षांची, काही न कळता.

"हसा, हसा," आनंदीवैनी म्हणाली. "गेल्या वर्षी अशीच हसलात. हिच्या त्या सासूच्या चष्म्याच्या फुगडीक अख्खी डिचोली लोळली. आणि मिळाला काय? उत्तेजनार्थ, एक स्टीलचो डबो. पयलो नंबर कोणाक? हुंडाबळीवाल्यांक. परीक्षकान डोळे पुसले, तेवाच मी समाजलंय."

चष्म्याची फुगडी दिपालीनेच रचली होती. सासू घरभर चष्मा शोधते, सुनेला बोल लावते आणि चष्मा तिच्याच कपाळावर. बाजारातली मासेवाली अजूनही तिला बघितलं की "चष्मो गावलो गो?" म्हणून विचारायची. तिचा नवरा प्रवीण दाढी करताना ती फुगडी म्हणायचा, बेसूर, एक कडवं गाळून, आणि गाळलेल्या कडव्याच्या जागी नुसतं "त्याचा काय तां" घालायचा.

"औंदाचा ऐका," म्हणत आनंदीवैनीने वही उघडली. तिने ताल धरला. पाच जोड्या दिपालीभोवती गोल फिरू लागल्या.

*लाल मातीच्या वाटेनं गेला गो,*
*गाडीवाला धनी नाही आला गो...*

गाणं चांगलं होतं. चालही चांगली होती, सरळ पोटात उतरणारी. त्यात पाळी गावच्या खाणीचा रस्ता होता, उलटलेला ट्रक होता, दारात वाट बघणारी बायको होती, तिच्या कडेवर लेक होती. तिसऱ्या कडव्याला प्राजक्ताचा आवाज फुटला. चौथ्याला कोणीच नीट गाईना. गाणं संपलं तेव्हा सगळ्याजणी नाकं ओढत उभ्या होत्या.

दिपाली कोरड्या डोळ्यांनी उभी होती. गाण्यात तिच्या घरात घडलेलं सगळं होतं, प्रवीण तेवढा कुठे नव्हता.

"वैनी," ती म्हणाली, "मी दुसरा रचून देतंय. हसूचा. रविवारपर्यंत देतंय."

आनंदीवैनी जवळ आली. तिच्या गालावरून हात फिरवला. बाई मनाची वाईट नव्हती.

"बाय माझे, हसूचा गाणा लोक ऐकतत आणि चाय पिऊक जातत. ह्या गाण्यान रडतले. तुझ्यार इलला ता फुकट जाव नये, असा माका वाटता. कळला? तुका नको तर नको. मग आपण दुसरी कोण तरी उभी करू, तू घरी रव."

घरी सासू भिंतीकडे तोंड करून बसायची. शेजारीण दारातून डोकावून हळू आवाजात "जेवलंस गो?" विचारायची. आठवड्यातून दोन दिवस, चार ते सहा, दिपाली इथे यायची. इथे तिच्या वेणीवरून, तिच्या फाटक्या छत्रीवरून चेष्टा व्हायची. इथे श्रद्धा तिला गरगर फिरवायची, आणि मागे झोकून दिलं की मंडपाचं छप्पर, खांब, घंटा, सगळं एकच होऊन जायचं.

"रवतंय मधी," दिपाली म्हणाली.

सहा वाजले. बायका छत्र्या उघडून निघाल्या. एरवी निघताना श्रद्धा तिच्या पाठीत गुद्दा घालायची. आज तिने फक्त खांद्यावर हात ठेवला.

"येतंय हां," ती म्हणाली. हळू आवाजात. शेजारणीसारखी.

मंडप रिकामा झाला. बाहेर पाऊस एकसुरी पडत होता. दिपालीने निरांजन खांबापाशी ठेवलं.

"आये, फुगडी," सेजल चपला टाकून आली.

"पाय जुळव. हात आडवे धर. असे."

लहानसे ओलसर हात तिच्या हातांत आले. दोघी फिरू लागल्या. सेजल खिदळत होती आणि धाप लागत असतानाच गात होती, "चष्मो खंय गेलो, चष्मो खंय गेलो..." एक कडवं तिने गाळलं.

"त्याचा काय तां," दिपालीच्या तोंडून निघालं.

"आये, मागे वाक मगो! श्रद्धामावशीवांगडा वाकतंस तशी!"

फुगडीला समोर आपल्या वजनाचं माणूस लागतं. दिपालीने मनगटं घट्ट धरली, गुडघे जरासे वाकवले आणि पाठ सरळ ठेवली.

"वाकलंय गो," ती म्हणाली. "तू फिर."